चाळीस तारा आणि नऊ बोल्ट

कोकण रेल्वेच्या ‘सिंधुदुर्ग’ स्टेशनवर उतरलेला नवखा पर्यटक आधी समुद्र शोधतो. मग किल्ला शोधतो. दोन्ही दिसत नाहीत तेव्हा तो रिक्षावाल्याकडे जातो, आणि रिक्षावाला त्याला शांतपणे सांगतो की किल्ला मालवणला, इथून तीस-पस्तीस किलोमीटर, हे ओरोस. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा निघाला, मुख्यालय कुडाळ आणि कणकवली यांच्या मधल्या ओरोसला आलं आणि त्याची सिंधुदुर्गनगरी झाली. किल्ल्याचं नाव जिल्ह्याला मिळालं, जिल्ह्याचं नगरीला आणि स्टेशनला. समुद्र तेवढा होता तिथेच राहिला.

नगरी वसवताना जागेची टंचाई नव्हती, त्यामुळे कार्यालयं ऐसपैस बसली. कलेक्टर कचेरी, जिल्हा परिषद, कोर्ट, पोलीस मुख्यालय, जिल्हा रुग्णालय, आरटीओ. एका कागदावर तीन सह्या लागतात आणि तीन सह्या तीन दिशांना असतात. अंतरं अशी की चालायला लांब आणि रिक्षाला जवळ. रस्ता कोकणातला, म्हणजे सपाट असतो तो पुढचा चढ येईपर्यंतच. अशा गावात रोज सायकल मारणाऱ्याच्या डोक्यात कधी ना कधी एक किडा वळवळतोच: हिला इंजिन बसवलं तर?

समजा, अशा एका गृहस्थाने ते मनावर घेतलं. त्याला नाव द्यायची गरज नाही, कारण तो प्रत्येक वाडीत एक असतो. त्याने घरातला पंखा दोनदा उघडलेला असतो आणि एकदाच बंद केलेला असतो. मिक्सर दुरुस्त करून झाल्यावर त्याच्याकडे दोन स्क्रू शिल्लक राहतात, आणि ते जास्तीचेच होते असं त्याचं ठाम मत असतं.

त्याच्या समाधानासाठी सांगायला हवं, की हा किडा आधी फार थोरांना चावलेला आहे. १९४६ साली जपानच्या हामामात्सु शहरात सोइचिरो होंडा यांना युद्धातून उरलेल्या वायरलेस सेटच्या जनरेटरची छोटी इंजिनं मिळाली. गाड्यांना गर्दी, पेट्रोलची टंचाई, आणि माणसं सायकलवर. होंडांनी ते इंजिन सायकलला लावलं. पेट्रोलची टाकी नव्हती, तर घरातली अंथरूण शेकायची गरम पाण्याची बाटली टाकी म्हणून बांधली. पुढच्या चाकावर रूळ घासून गाडी पळवायचा पहिला बेत टायर खायला लागला, तेव्हा पट्टा लावून मागचं चाक फिरवायचं ठरलं. आणि चाचणीला बसवलं बायकोला. साची होंडा भर गर्दीच्या रस्त्यावरून चक्कर मारून आल्या तेव्हा कार्ब्युरेटरमधून उडालेल्या तेलाने त्यांची चांगल्यातली विजार माखली होती. असली गाडी विकलीत तर गिऱ्हाईक ओरडत परत येईल, असं त्यांनी सुनावलं. एरवी होंडा अशा वेळी बायकोला गप्प बसवत. त्या दिवशी ऐकलं आणि कार्ब्युरेटर सुधारला. ओरोसच्या गृहस्थाने या गोष्टीतला इंजिनाचा भाग तोंडपाठ केलेला असतो, बायकोचा भाग वगळलेला असतो.

त्या सायकलीला जपानी लोक आवाजावरून ‘बाता-बाता’ म्हणत. आपण मोटरसायकलला फटफटी म्हटलं ते याच न्यायाने. इटलीत त्याच सुमारास सायकलला जोडायचं ४८ सीसीचं इंजिन आलं, त्याचं नाव ‘कुच्चोलो’, म्हणजे कुत्र्याचं पिल्लू. सायलेन्सर भुंकल्यासारखा वाजे म्हणून. फ्रान्सने वेलोसोलेक्स काढली, तिच्यात इंजिन पुढच्या चाकाच्या डोक्यावर बसे. इंग्लंडात सायकलमास्टर मिळे: मागचं चाक काढा आणि आतच इंजिन असलेलं चाक लावा. अमेरिकेत तर १९३९ पासून व्हिझर नावाचं किट होतं. पुढे १९५२ मध्ये होंडाने सायकलच्या मागच्या चाकाला लावायचं ‘कब’ हे इंजिन पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून विकायला काढलं आणि देशभरच्या पन्नासेक हजार सायकल दुकानदारांना पत्रं धाडली. आज त्याच कंपनीचं ३५ सीसीचं इंजिन कोकणातल्या काजूच्या बागेत माणसाच्या खांद्याला लटकून गवत कापतं. त्यामुळे पावसाळ्यानंतर रिकामं पडलेलं ग्रास कटरचं इंजिन बघून एखाद्याच्या मनात सायकल येणं हे घराण्याला धरूनच आहे.

महाराष्ट्राने या विषयात दिलेलं नाणं म्हणजे लुना. १९७२ मध्ये पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिकने ती बाजारात आणली आणि पायडल मारून चालू होणारी गाडी शिक्षक, ग्रामसेवक, पोस्टमन यांच्या दारात उभी राहिली. मोपेड हा शब्दच मोटर आणि पेडल यांच्या संकरातून झालेला. पेट्रोल संपलं तर लुना सायकलसारखी मारत घरी नेता येते, असं लोक सांगत. प्रत्यक्षात नेलेला माणूस ते दुसऱ्यांदा सांगत नसे. फेब्रुवारी २०२४ मध्ये विजेवरची ई-लुना आली. तिला पायडलच नाही. सुधारणा म्हणतात ती हीच असावी.

तर ओरोसला खोकं येतं.

त्यावर ‘८० सीसी’ असं छापलेलं असतं. चिनी बनावटीचं हे टू-स्ट्रोक इंजिन जगभर याच आकड्यावर विकलं जातं. सिलिंडरचा व्यास ४७ मिलिमीटर, दट्ट्याची चाल ३८ मिलिमीटर. शाळेतलं वृत्तचितीचं सूत्र लावलं की उत्तर ६६ येतं. उरलेले १४ सीसी खोक्यावरच राहतात. आत इंजिन, दोनेक लिटरची टाकी, सायलेन्सर, कार्ब्युरेटर, सीडीआय नावाची काळी डबी, क्लचची केबल, ४४ दात्यांचं एक मोठं चक्र, जाड साखळी, ती ताणून धरायची पुली आणि नट-बोल्टची पिशवी. सोबतचं माहितीपत्रक चिनी भाषेतून इंग्रजीत येताना वाटेत बरंच सांडलेलं असतं. पिशवीतले बोल्ट मऊ लोखंडाचे निघतात आणि कुडाळहून चांगले आणावे लागतात. किटवाल्यांचं जगभर एवढ्या एकाच गोष्टीवर एकमत आहे.

खोकं उघडलं की वाडी जमते. कोकणात कुणाच्या खळ्यात पान्हा वाजला की दहा माणसं सल्ला घेऊन येतात.

“ह्या काय रे? फवारणीचो पंप?”

“इंजिन. सायकलीक बसवचा आसा.”

“मगे पायडला कित्याक ठेवलंस?”

“चालू करूक.”

“आणि वाटेत बंद पडला तर?”

“मगे घराक येवक.”

इथपर्यंत सगळं गजालीसारखं चालतं. खरा खेळ मागच्या चाकाशी सुरू होतो. हे ४४ दात्यांचं चक्र हबवर बसत नाही, ते तारांवर बसतं. तारांच्या आतल्या अंगाला एक जाड रबरी कडी, बाहेरच्या अंगाला दुसरी, आतून लोखंडी पट्ट्या, बाहेरून चक्र, आणि या सगळ्या सँडविचमधून आरपार नऊ बोल्ट. आतली कडी हबवरून जात नाही, म्हणून ती ब्लेडने कापून आत सरकवायची. हे सगळं चाक मांडीवर आडवं घेऊन, एक बोल्ट आवळला की दुसरा तिरपा होतो अशा अवस्थेत. नऊही एकदम आवळायचे नसतात. समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जायचे, नाहीतर चक्र थाळीसारखं डुलतं आणि साखळी दर फेरीला एकदा सैल, एकदा ताठ होते.

आणि इथे गृहस्थ अडतो. भोकं तारांच्या मधोमध येत नाहीत. दोन बोल्ट बसतात, तिसरा तारेवर येतो. चक्र फिरवून पाहिलं की तिसरा बसतो आणि पहिला तारेवर येतो. वाडीतला प्रत्येकजण एकदा हात लावून पाहतो. किट खराब, असा ठराव पास होतो.

किट खराब नसतं. नऊ बोल्ट हे ३६ तारांच्या चाकाचं गणित आहे: दर चार तारांमागे एक बोल्ट. आपली दांडीची काळी सायकल इंग्रजी वळणाची. तिच्या पुढच्या चाकाला ३२ तारा आणि ओझं जिथे पडतं त्या मागच्या चाकाला ४०. चाळीसला नऊने भाग जात नाही. तिसरीतल्या मुलालाही हे माहीत असतं, पण किट मागवताना तिसरीतल्या मुलाला कुणी विचारत नाही.

मग सायकल मिस्त्रीकडे जाणं आलं. सायकल मिस्त्री ही जमात आता फार उरलेली नाही, आणि जे उरलेत त्यांच्यापुढे गाडी नेताना डॉक्टरकडे उशिरा गेलेल्या रुग्णाचा चेहरा करावा लागतो. तो चाक फिरवतो, खडूचा तुकडा रिमजवळ धरतो, जिथे खडू लागला तिथे रिम आऊट आहे असं समजून तारांचे निपल पावपाव फेरी ढिले-घट्ट करतो. बोलत काहीच नाही. या माणसाच्या बोटात जे आहे ते खोक्यातल्या कुठल्याही भागात नाही. शेवटी ३६ भोकांची रिम, ३६ भोकांचा हब आणि नवा तारांचा जुडगा असा खर्च तो सांगतो, आणि वर विचारतो की एवढ्यात एखादी जुनी मोपेड नसती का आली. हा प्रश्न गृहस्थाला घरी आधीच विचारून झालेला असतो.

इंजिन मात्र झकास बसतं. काळ्या सायकलच्या तीन दांड्यांमधला त्रिकोण जणू त्याच्यासाठीच रिकामा ठेवलेला. क्लच आणि अॅक्सिलेटर यांच्या केबली हँडलवर आल्या की तिथे आधीच ठाण मांडून असलेल्या दांड्यांच्या ब्रेकशी त्यांची भाऊबंदकी सुरू होते. पायडल फिरताना सायलेन्सरला घासतं, मग सायलेन्सर थोडा वाकवायचा. साखळीची पुली मागच्या चिमट्यावर नुसती आवळून बसवलेली असते. या पुलीकडे दुर्लक्ष करू नये. ती सैल झाली की साखळीच्या ओढीने आत वळते आणि थेट तारांत घुसते. मागचं चाक जागच्या जागी थांबतं. बसलेला माणूस थांबत नाही.

पेट्रोलात टू-टी ऑइल. नवं इंजिन असेपर्यंत सोळास एक, म्हणजे लिटरला साठ-बासष्ट मिली. हे मोजायला घरात एकच माप असतं, खोकल्याच्या औषधाचं झाकण. ते परत जागेवर ठेवलं जाऊ नये एवढीच घरच्यांची प्रार्थना.

चालू करायची रीत अशी. क्लच दाबून खटक्यात अडकवायचा, पायडल मारत वेग घ्यायचा, मग क्लच सोडायचा. सायकल एक आचका देते, मागून निळा धूर, आणि मग तो आवाज. दशावतारात राक्षसपार्टी रंगमंचावर यायच्या आधी आतूनच आरोळी ठोकतो, तसा हा आवाज माणसाच्या आधी पोचतो. वेग म्हणाल तर इंजिनाच्या अठरा फेऱ्यांना चाकाची एक फेरी. साडेचार हजार फेऱ्यांवर अठ्ठावीस इंची चाक ताशी तेहेतीस किलोमीटरच्या आसपास जातं. आकडा छोटा वाटतो. दांड्यांचे ब्रेक आणि लोखंडी रिम यांच्यावर तो मोठा असतो, आणि रिम ओली असेल तर फारच मोठा, कारण ओल्या लोखंडी रिमवर रबर धरत नाही, घसरतं. ज्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे जून ते सप्टेंबर ही सायकल पडवीत प्लास्टिक पांघरून बसवलेली बरी.

कोरड्या दिवसांत मात्र ती निघते, आणि ओरोसात कुठूनही कुठेही निघालं तरी वाटेत कुठलं ना कुठलं सरकारी खातं लागतंच. त्यात एक आरटीओ. जिल्ह्यातल्या झाडून सगळ्या एमएच-०७ गाड्यांची जन्मपत्रिका इथे तयार होते, आणि समोरून ही बिनजन्माची फटफटत जाते. कुणा साहेबाने हात केला, असं समजू.

“ही सायकल आहे की मोटरसायकल?”

“सायकल आहे, साहेब. पायडल आहेत ना!”

“मग आवाज कसला?”

“इंजिनाचा.”

साहेबही मनातून हसत असणार, पण १९८८ चा मोटार वाहन कायदा हसत नाही. त्याच्या कलम २ मध्ये मोटार वाहनाची व्याख्या आहे आणि तिच्यातून चारपेक्षा कमी चाकांची, २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाची वाहनं वगळली आहेत. खोक्यावरचे ८० खरे धरा किंवा सूत्राचे ६६, पंचविसात काहीच बसत नाही. ग्रास कटरचं ३५ सीसीही नाही. म्हणजे हे मोटार वाहन झालं. मग नोंदणी हवी, विमा हवा, लायसन्स हवं, हेल्मेट हवं. नोंदणीसाठी गाडीच्या नमुन्याला पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेची मान्यता लागते, आणि खळ्यात दहा जणांच्या सल्ल्याने जुळवलेल्या नमुन्याला ती कशी मिळणार? थोडक्यात, जी गाडी नोंदवल्याशिवाय चालवता येत नाही ती नोंदवताच येत नाही. गृहस्थाला या वाक्याचं वाईट वाटत नाही. सरकारी गावात राहून अशा वाक्यांची सवय झालेली असते.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांचं उदाहरण तो लगेच फेकतो. त्यांनी भंगारातून साठेक हजारांत चारचाकी केली, तीही दुचाकीसारखी किक मारून चालू होणारी. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं जाहीर कौतुक केलं, आणि आज ना उद्या नियमांपायी ती रस्त्यावरून उतरवावी लागेल हे ओळखून तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये बोलेरो दारात आली. गृहस्थाला या गोष्टीतली बोलेरो दिसते, नियम दिसत नाही. त्याच्या सायकलच्या बदल्यात अजून कुणी काही देऊ केलेलं नाही. एका भंगारवाल्याने किलोचा भाव सांगितला होता.

मग शेजारचा कुणी शहाणा बॅटरीच्या किटचं सुचवतो. ते कायद्यात बसतं: अडीचशे वॅटच्या आतली मोटर आणि ताशी पंचवीसच्या आतला वेग असेल तर नोंदणी नको, लायसन्स नको. अडीचशे वॅट म्हणजे एक तृतीयांश अश्वशक्ती, घोड्याचा पाय म्हणा. पण माणूस, सायकल आणि आठवड्याचा बाजार मिळून शंभर किलो धरले आणि चढ शंभर मीटरला आठ मीटरचा धरला, तर ताशी बारा किलोमीटरने चढायला साधारण तेवढेच वॅट लागतात. सोबत थोडं पायडल मारलं की ओरोसचे चढ निघतात. आवाज नाही, धूर नाही, ऑइल नाही, औषधाचं झाकण जागेवर.

गृहस्थाचं यावर मन बसत नाही. आवाज नाही तर लोकांना कळणार कसं? बिघडलं तर उघडून बघायचं काय? बॅटरीच्या डब्यावर तर उघडू नका असं लिहिलेलं असतं, आणि असं लिहिलेली वस्तू घरात आणणं हा त्याला आपला अपमान वाटतो. त्याला कलेक्टर कचेरीत लवकर पोचायचं असतं, हा आपलाच गैरसमज आहे. तिथे लवकर पोचून करायचं काय? साहेब मीटिंगला गेलेले असतात. त्याला रविवारी सकाळी खळ्यात चाक आडवं घालून बसायचं असतं, आणि त्यासाठी या किटइतकं खात्रीचं दुसरं काही नाही. ते दर आठवड्याला काहीतरी सैल करून ठेवतं.

एक मात्र खरं, की बॅटरीचं किट घेतलं तरी मूळ पेच सुटत नाही. चाकात बसणारी हब मोटर येते तीही बहुतेक ३६ भोकांची. तेव्हा ज्यांना पेट्रोलचं किंवा विजेचं, कुठलंही किट काळ्या सायकलला बसवायचंच आहे, त्यांनी पैसे भरायच्या आधी खळ्यात जाऊन मागच्या चाकाच्या तारा मोजाव्यात. मोजायला व्हॉल्व्हपासून सुरुवात करावी, नाहीतर एकदा एकोणचाळीस भरतात आणि एकदा एक्केचाळीस.